बाबांच्या कानातली बाई

माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या माणसाला माहितीपुस्तिका वाचायची गरज नसते, असं जावयाचं ठाम मत होतं. गेली बारा वर्षं तो मिक्सर, गिझर, इस्त्र्या आणि पाण्याचे पंप यांच्या खोक्यात येणाऱ्या पातळ पुस्तिका लिहीत होता. ‘उपकरण ओल्या हाताने हाताळू नये’ हे वाक्य त्याने इतक्या वेळा लिहिलं होतं, की लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसाठी चिठ्ठी लिहितानाही ते पेनातून उतरता उतरता राहिलं होतं. त्यामुळे शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्याने जाहीर केलं, “अर्ध्या तासाचं काम आहे. एक वायर काढायची, एक घालायची.”

काम होतं गेम खेळायच्या कन्सोलचा व्हीआर हेडसेट संगणकाला जोडण्याचं.

हेडसेट जावयाचाच. दोन वर्षांपूर्वी घरच्या घरी व्यायाम करायचा म्हणून त्याने तो कन्सोलबरोबर घेतला, आठ वेळा व्यायाम केला आणि मग तो पलंगाखाली गेला. आता तो बाहेर काढायचं कारण सासरे होते.

सासरे चौतीस वर्षं टॉवर क्रेनवर होते. सकाळी शिडीने वर जायचं, साठ मीटरवरच्या काचेच्या खोलीत बसायचं, संध्याकाळी खाली यायचं. वरून माल दिसतो, पण कुठे ठेवायचा ते नेमकं दिसत नाही. म्हणून जमिनीवर इशारा देणारा एक माणूस असतो आणि त्याचा आवाज क्रेनवाल्याच्या कानात येतो. डावीकडे म्हटलं की डावीकडे, थांब म्हटलं की थांब. ‘का’ विचारायचं नाही. वरचा माणूस ‘का’ विचारत बसला, की खाली कोणाचा तरी चेंदामेंदा होतो. पुढे गुडघा बदलावा लागला, शिडी बंद झाली, सासूबाईही गेल्या आणि सासरे लेकीकडे राहायला आले. लेक तळमजल्यावर राहत होती. चौतीस वर्षं आभाळात बसलेल्या माणसाला आता खिडकीतून सायकलींची चाकं दिसायची.

अशात क्रेन शिकवणाऱ्या एका प्रशिक्षण केंद्राला जुना, अनुभवी माणूस हवा होता. सासऱ्यांचं नाव कोणीतरी सुचवलं आणि प्राचार्यबाईंचा निरोप आला: ‘शनिवारी पाच वाजता भेटायला येते. सिम्युलेटरविषयीही बोलू.’

“सिम्युलेटर म्हणजे?” सासऱ्यांनी विचारलं.

“खोटी क्रेन, बाबा. संगणकातली. डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण वर कॅबिनमध्ये. मी तुम्हाला आधीच दाखवून ठेवतो. बाई आल्या की त्यांच्यासमोर चालवायची. नोकरी तुमचीच.”

“त्यांनी नुसतं ‘बोलू’ म्हटलंय,” बायको म्हणाली. ती इस्पितळात एक्स-रे काढायची आणि जेवढं दिसतं तेवढंच बोलायची.

“अगं, ‘बोलू’ म्हणजे ‘दाखवा’च.”

ती कामावर गेली. क्रेनचा प्रोग्राम फक्त संगणकावर चालणारा, हेडसेट फक्त कन्सोलसाठी बनवलेला. पण हेडसेटच्या वायरीचं तोंड जसं होतं, तसंच भोक संगणकालाही होतं. जावयाने वायर घातली. ती इतकी सहज बसली की त्याला अर्धा तास सांगितल्याचाही पश्चात्ताप झाला. पाच मिनिटंच सांगायला हवी होती.

संगणकाने ‘अनोळखी उपकरण’ असं लिहिलं आणि तो गप्प बसला.

जावयाने वायर काढून घातली. उलटी करून घातली. फुंकून घातली. दीड तासाने त्याला शोध लागला, की दोघांच्या मध्ये एक डबी लागते. हेडसेट आणि संगणक ही एकमेकांशी न बोलणारी भावंडं, आणि डबी म्हणजे दोघांकडे जाऊन निरोप सांगणारी मावशी. तो दुकानात गेला.

“कितव्या पिढीचा आहे?” दुकानदाराने विचारलं.

“आमच्या घरात पहिल्यांदाच. वडिलांना असल्या गोष्टींची आवड नव्हती.”

दुकानदाराने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. “हेडसेट कितव्या पिढीचा, म्हणतोय मी.”

“दुसऱ्या.”

डबी मिळाली. घरी आल्यावर कळलं की डबीला संगणकाशी जोडणारी वायर डबीबरोबर येत नाही. तो पुन्हा गेला आणि वायर घेऊन आला. ती दुसऱ्याच जातीची निघाली. हवी होती डिस्प्ले पोर्टची, जिच्या तोंडाचा एक कोपरा कापलेला असतो. तिसऱ्यांदा जाऊन तो ती घेऊन आला. मग त्याने डबीतली पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘डिस्प्ले पोर्टची वायर वेगळी घ्यावी लागेल.’ चांगलं लिहिलं होतं. ज्याने लिहिलं त्याच्याबद्दल जावयाला आदर वाटला.

आता संगणकाच्या पाठीमागे त्या कोपरा कापलेल्या वायरीसाठी भोक एकच, आणि त्यात स्क्रीनची वायर आधीच बसलेली. म्हणजे स्क्रीनला दुसरी वायर हवी. दुकानदाराला चौथ्यांदा तोंड दाखवण्यापेक्षा जावयाने टीव्हीमागची वायर उपटली.

“मी बघत होतो ते,” सासरे म्हणाले.

“दोनच मिनिटं, बाबा.”

“बरं. तेवढ्यात कानाच्या मशीनची बॅटरी बदलून येतो.” सासरे उठले आणि बाथरूमच्या बोळात, जिथे त्यांचं कपाट होतं, तिकडे गेले.

सासऱ्यांचं कानाचं यंत्र नवं होतं. लेकीने आग्रहाने चांगल्यातलं घेऊन दिलं होतं, मोबाइलला जोडता येणारं. त्याची एक खोड होती. बॅटरीचं इवलंसं दार उघडून लावलं, की पुढची तीन मिनिटं ते आसपास कोणी जोडीदार मिळतो का ते शोधत राहायचं. हे त्याच्या पुस्तिकेत पान चारवर होतं.

इकडे जावई टेबलाखाली शिरला होता. हेडसेटबरोबरची दोन्ही हातांत धरायची कंट्रोलरं बिनवायरीने, ब्लूटूथवरून जोडायची होती. संगणकावर यादी उघडली. एक नाव आलं, त्याने जोडलं. दुसरं आलं, जोडलं. मग नुसतेच आकडे आणि अक्षरं असलेलं तिसरं नाव आलं. हा हेडसेटच असणार, असं म्हणून जावयाने तेही जोडलं. समोर येईल त्याला आपलं म्हणायचा त्याचा स्वभाव होता.

हे सगळं चालू असताना संगणक मोठ्याने वाचत होता. सोमवारी एका गिझरच्या पुस्तिकेचा मसुदा द्यायचा होता, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका कानांना सापडतात म्हणून जावई आपला मजकूर संगणकाकडून वाचून घ्यायचा. आवाज बाईचा होता. थंड, स्वच्छ, न दमणारा. मसुदा संपला की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, कारण पहिल्या खेपेला जावई कधीच ऐकत नसे. तिसरं नाव जोडल्याबरोबर बाईचा आवाज बंद झाला. स्पीकरची वायर हलली असेल, असं त्याला वाटलं. शांतता झाली, हे त्याला बरंच वाटलं.

बाथरूमच्या बोळात सासऱ्यांनी यंत्र कानात बसवलं आणि एक बाई त्यांना म्हणाली, “कामास सुरुवात करण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा खंडित करावा.”

सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. पण कानात येणाऱ्या आवाजाचा माणूस दिसत नसतोच, हे त्यांना चौतीस वर्षं ठाऊक होतं. घरात वायरींचं काम चालू आहे, जावयाने कोणीतरी जाणकार बाई मदतीला घेतलेली दिसते. मेनस्विच बोळातच, हाताच्या अंतरावर होता. सासऱ्यांनी तो खाली ओढला.

आत टेबलाखालून “अरे” असं ऐकू आलं.

बाई गप्प झाली. सासरे पुढच्या सूचनेची वाट बघत स्विचवर हात ठेवून उभे राहिले. निरोप येईपर्यंत लिव्हरवरचा हात काढायचा नाही, हा नियम.

जावयाने आधी संगणकाला दोष दिला, मग डबीला. मग खिडकीतून बाहेर पाहिलं आणि वीज कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, तुमच्या रस्त्यावर वीज आहे. जावई म्हणाला, माझ्याकडे नाही. पलीकडचा म्हणाला, मग तुमच्याकडेच बघा. हे संभाषण वेगवेगळ्या शब्दांत पंचवीस मिनिटं चाललं. शेवटी तिथल्या माणसाने त्याला मेनस्विच बघायला सांगितलं. “मी स्वतः असल्या सूचना लिहितो,” असं उत्तर देऊन जावयाने फोन ठेवला.

तीन वाजता बायको आली. बोळात वडील भिंतीला हात लावून उभे.

“बाबा, इथे काय करताय?”

“थांबलोय.”

“कशासाठी?”

“पुढचं सांगेपर्यंत.”

“कोण सांगणार?”

“बाई. खालची.”

लेकीने पिशवी जमिनीवर ठेवली. इस्पितळात काम करणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी पहिलं काय येतं, तेच तिच्या मनात आलं: पक्षाघात. “बाबा, माझ्याकडे बघा. हसा.”

सासरे हसले.

“दोन्ही हात वर करा.”

सासऱ्यांनी स्विचवरचा हात नाइलाजाने काढला आणि दोन्ही हात वर केले. ओठ सरळ होते, हातही सरळ होते. लेकीने स्विच वर ढकलला. दिवे लागले, आत संगणक गुरगुरला. जावई बाहेर आला तेव्हा सासरे बोळात हात वर करून हसत उभे होते आणि बायकोचा चेहरा उतरला होता.

जावयाने आत जाऊन मसुदा शाबूत आहे ना ते पाहिलं, वाचन थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं, आवाज आला नाही तेव्हा स्पीकरला नावं ठेवली आणि स्वयंपाकघरात आला. तिथे नळाला पाणी नव्हतं.

“पाणी मी बंद केलंय,” सासरे दारातून म्हणाले. “मुख्य तोटीच. बाईंनी सांगितलं.”

बायकोने जावयाकडे पाहिलं. तिने वडिलांना आत नेऊन झोपवलं. त्यांनी कानाचं यंत्र काढून उशाशी ठेवलं आणि तिने पाण्याची तोटी सोडली. थोड्या वेळाने ती बाहेर आली.

“विचारलं मी. म्हणतात, आता बाई बोलत नाही.”

“मग झालं तर.”

“म्हणजे मघाशी बोलत होती ना.” ती खुर्चीत बसली. “आई गेल्यापासून दिवसभर एकटे असतात. आपण दोघं कामात. माणसाला कोणीतरी बोलायला लागतं, नाही तर डोकं स्वतःच माणूस तयार करतं. मी सोमवारची वेळ घेतलीय, आमच्या मेंदूच्या डॉक्टरांची.”

जावई सासऱ्यांशी रोज बोलायचा. पण आठवायला गेल्यावर लक्षात आलं, की त्यातलं बरंचसं ‘दोन मिनिटं, बाबा’ असंच होतं. “प्राचार्यबाईंना येऊ नका म्हणून कळवू का?” त्याने विचारलं.

“चार दिवस तेवढ्यासाठीच तर शर्टाला इस्त्री करतायत ते. येऊ देत. फक्त बाईचा विषय निघायला नको.”

साडेचारला हेडसेट जोडला गेला. का जोडला गेला हे जावयाला कळलं नाही, पण स्क्रीनवर क्रेनची कॅबिन दिसू लागली आणि त्याने हात लावणं थांबवलं. एकच अडचण राहिली होती. दिवसभराच्या ओढाताणीत कोपरा कापलेल्या वायरीचा खटका तुटला होता, आणि ती हाताने दाबून धरली तरच चित्र दिसत होतं. जावयाने ठरवलं, आपण धरून बसू. मोठ्या कामात कोणाला तरी खाली बसावंच लागतं.

पाचच्या ठोक्याला प्राचार्यबाई आल्या. उंच, आखूड केसांच्या, बूट दारातच व्यवस्थित जोडून ठेवणाऱ्या. सासरे इस्त्रीच्या शर्टात बाहेर आले. यंत्र त्यांनी नुकतंच कानात घातलं होतं.

“बसा ना, आधी बोलू,” प्राचार्यबाई म्हणाल्या.

“आधी बघाच तुम्ही,” जावई म्हणाला, आणि सासऱ्यांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवून, दोन हातांत दोन कंट्रोलरं देऊन तो टेबलाखाली शिरला. त्याचं डोकं आणि हात आत, पाठ बाहेर, सासऱ्यांच्या खुर्चीला लागून.

सासऱ्यांनी मान सावकाश डावीकडे नेली, उजवीकडे नेली, आणि खाली पाहिलं. त्यांचे खांदे, जे दोन वर्षं पुढे वाकलेले होते, मागे गेले.

“वारा आहे,” ते म्हणाले. खोलीत पंखा होता.

आणि कानात बाई म्हणाली, “उपकरण दोन्ही बाजूंनी आधार देऊन सावकाश वर उचलावे.”

“हो, बाई,” सासरे म्हणाले. स्क्रीनवर सळ्यांचा भारा जमिनीवरून सुटला आणि जराही न झुलता वर आला.

“मी काही म्हटलं नाही,” प्राचार्यबाई म्हणाल्या.

“सवय आहे त्यांची,” लेक घाईने म्हणाली.

“भिंतीवरील खुणेच्या रेषेत आणावे. खाली कोणी उभे नाही याची खात्री करावी.”

“खात्री करतो, बाई.” भारा भिंतीच्या रेषेत येऊन थांबला. सासऱ्यांनी पुढे वाकून खालचं सगळं बांधकाम नजरेने झाडून काढलं, मग भारा असा खाली टेकवला की धूळसुद्धा उडाली नाही. लेकीने डोळे पुसले. ते कशासाठी, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. वडिलांना ती कामावर पहिल्यांदाच बघत होती, आणि ते तिथे नसलेल्या एका बाईला ‘हो’ म्हणत होते.

टेबलाखाली जावयाच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. तेवढ्यात सासरे खुर्चीतून उठले. पाठमोरे वळले. आणि म्हणाले, “हातातील अवजारे प्रथम खालच्या माणसाकडे द्यावीत.”

दोन्ही कंट्रोलरं जावयाच्या पाठीवर अलगद ठेवली गेली. जावई अंधारात डोळे फाडून बघत राहिला. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. ‘हातातील’ लिहावं की ‘हातामधील’, यावर त्याने मंगळवारी अख्खी दुपार घालवली होती. पान एकोणीस.

“बाबा,” तो टेबलाखालून म्हणाला, “तुमच्या कानात कोण आहे?”

पण सासऱ्यांना आता फक्त बाई ऐकू येत होती. “शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडे ठेवावे,” असं ती म्हणत होती. सासऱ्यांनी एका हाताने खुर्चीची पाठ धरली, दुसऱ्याने टेबलाची कड, आणि चांगल्या गुडघ्याचा पाय मागे सोडून पहिली पायरी चाचपली. ती जावयाच्या पाठीच्या बरोबर मध्यावर सापडली. सासऱ्यांनी तिच्यावर भार देऊन पाहिला.

“ही पायरी सैल आहे,” ते म्हणाले. “उद्या कळवायला हवं.”

त्यांनी पूर्ण वजन टाकलं. जावयाच्या हातून वायर सुटली, क्रेन, कॅबिन आणि आभाळ एकदम विझलं. सासरे काळोखात जावयावरून व्यवस्थित उतरून फरशीवर उभे राहिले आणि त्यांनी हेडसेट काढला. जावई तिथेच पालथा होता.

लेकीने सुरुवात केली, “मॅडम, हल्ली बाबांना जरा...”

“आत्तापर्यंत सत्तावीस जण बघितले मी,” प्राचार्यबाई म्हणाल्या. “भारा उचलला, ठेवला, की तिथल्या तिथे हेडसेट काढतात. क्रेन अजून चालू, आपण अजून साठ मीटरवर, आणि निघाले चहाला. अवजारं खाली देऊन, पाठमोरा, दोन्ही हातांनी धरून उतरलेला हा पहिला माणूस. मुलांना मला नेमकं हेच शिकवायचंय.” त्या सासऱ्यांकडे वळल्या. “सोमवारपासून याल?”

“येतो,” सासरे म्हणाले. हे त्यांनी कोणालाही न विचारता ठरवलं.

“पण हे सगळं घरी कशाला जोडलंत?” प्राचार्यबाईंनी खाली बघत जावयाला विचारलं. “केंद्रात अकरा सिम्युलेटर आहेत आमच्याकडे. मी नुसती ओळख करून घ्यायला आले होते.”

बायकोने काही म्हटलं नाही. ती जेवढं दिसतं तेवढंच बोलायची, आणि आता जे दिसत होतं त्याला शब्दांची गरज नव्हती.

प्राचार्यबाई गेल्यावर जावयाने संगणकाची यादी उघडून ते तिसरं नाव दाखवलं. बायको आधी हसली, मग रडली, मग तिने फोन करून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ रद्द केली. सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

“बाई चांगली आहे,” ते म्हणाले. “एकदाच सांगते, आरडाओरडा करत नाही. मजकूर तुमचा का, जावईबापू?”

“माझा,” जावई पाठ चोळत, तरी जरा अभिमानाने म्हणाला.

“मग एक राहिलंय त्यात. वीज बंद करायला सांगितलीत. पुन्हा चालू करायला कुठे सांगितलीय? मी पंचवीस मिनिटं उभा होतो.”

जावयाने मसुदा काढला. अठ्ठावीस पानं त्याने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. बारा वर्षांत प्रथमच. सासऱ्यांचं बरोबर होतं. पाण्याची तोटी सोडायला सांगितली होती, शिडी जागेवर ठेवायला सांगितली होती, खोकं जपून ठेवायलासुद्धा सांगितलं होतं. वीज राहिली होती. त्याच्या पुस्तिकेबरहुकूम बसवलेला गिझर जन्मभर थंड राहिला असता. रविवारी बसून त्याने शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत नवं वाक्य घातलं: ‘काम पूर्ण झाल्यावर मुख्य वीजपुरवठा पुन्हा सुरू करावा.’ ते वाचून सासऱ्यांनी मान डोलावली.

सोमवारी सकाळी सासरे कामावर गेले आणि जावयाने मसुदा साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी पानं चाळली, शेवटच्या पानावर थांबले आणि लाल पेनाने ते वाक्य खोडलं. बाजूला लिहिलं, ‘एवढं कोणालाही कळतं.’